सकाळची पंचेचाळीस मिनिटे आणि घराण्याचा स्वभाव : लालबागहून भांडुपला आलेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतील एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले असून, ओळख पटू नये म्हणून नावे, नोकरीचे तपशील आणि काही प्रसंगांचा क्रम बदलला आहे. मुलगा असा का वागतो आणि आई एवढी का चिडते, हे दोन वेगळे प्रश्न घेऊन कुटुंब आले होते. दोन्ही प्रश्नांची मुळे एकमेकांत गुंतलेली निघाली, आणि तो गुंता सोडवताना काही निर्णय असे घ्यावे लागले की ज्यांचा विचार इतर समुपदेशकांना आणि पालकांनाही उपयोगी पडावा.

वैशालीताई ३६ वर्षांच्या, फोर्टमधील एका बँकेत नोकरीला. पती संदीप ३९ वर्षांचे, ऐरोलीतील एका कंपनीत. थोरली मृण्मयी १० वर्षांची, धाकटा अर्णव ६ वर्षांचा. घरात संदीप यांच्या आई. कुटुंब तीन पिढ्या लालबागच्या चाळीत राहिले. आजोबा गिरणी कामगार होते. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली, तेव्हा आजींनी डबे करून घर चालवले, हे त्या पहिल्याच भेटीत अभिमानाने सांगतात. चाळ पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब भांडुपला नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये आले. भाडे विकासकाने द्यायचे ठरले होते; ते कधी वेळेवर येई, कधी तीन-तीन महिने थकत असे.

चाळीतल्या अर्णवबद्दल विचारले तेव्हा तिघांनीही तीच माहिती वेगवेगळ्या शब्दांत दिली. तो तेव्हाही मोठ्या आवाजाला घाबरायचा, नवीन माणूस आला की दाराआड जायचा, अंगातला कपडा टोचतो म्हणून ओरडायचा. पण तो रडू लागला की गॅलरीतून कोणीतरी त्याला उचलून नेत असे. तीन दारे सोडून एक काकू तांदूळ निवडत बसलेल्या असत. तो त्यांच्याशेजारी जाऊन बसे, ताटातले खडे वेचे आणि काही वेळाने आपणच परत येई. तोवर वैशालीताईंची तयारी झालेली असे. लालबागहून फोर्ट बसने जवळ. भांडुपच्या घरात गॅलरी नव्हती, शेजारचे दार बंद असे, आणि फोर्टला जायचे तर धीम्या लोकलच्या लेडीज डब्यात चढण्यापासून लढाई होती.

वैशालीताईंचे माहेर साताऱ्याचे. त्यांचे वडील, अप्पा, निवृत्त शिक्षक. दर काही वर्षांनी ते महिना-दोन महिने झोपत नसत, बोलत नसत, शाळेतही जात नसत; एकदा त्यांना पुण्यात दाखल करावे लागले होते. घरात या सगळ्याला ‘अप्पांचा स्वभाव’ एवढेच म्हटले जाई. आजार हा शब्द वैशालीताईंनी आमच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. अर्णवच्या जन्मानंतर त्यांना स्वतःलाही कित्येक महिने उदास वाटत होते, हेही त्यांनी याआधी कोणाला सांगितले नव्हते.

समस्या

शाळेची व्हॅन सव्वासातला खाली येई. साडेसहा ते सव्वासात या वेळात या घरात काय घडे, ते वैशालीताईंनी लिहून आणले होते. आजी उठून कुकर लावत. पहिली शिट्टी झाली की अर्णव कानांवर हात घेऊन पलंगाखाली शिरे. त्याला बाहेर काढून युनिफॉर्म चढवायचा, तर शर्टाच्या मानेमागचे लेबल टोचते म्हणून तो शर्ट काढून टाके. मोजा घातला की बोटांवरची शिवण लागते म्हणून पाय झाडे. वैशालीताई एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने मोजा ओढत. आवाज चढत जाई. अर्णव दूध ओकून टाके, युनिफॉर्म पुन्हा बदलावा लागे, व्हॅन निघून जाई. मग रिक्षाने शाळा, तिथून स्टेशन, आणि बँकेत लेट मार्क.

संदीप या वेळी घरात असत. नऊला निघायचे म्हणून ते सातला उठत. त्यांची बाजू अशी होती की आपण मध्ये पडलो की वैशाली अधिकच चिडते, म्हणून आपण बाजूला राहतो. आजींचे वाक्य ठरलेले होते : “आमच्याकडे कोणी असं नव्हतं. हे साताऱ्याचं आहे.” वैशालीताईंना हे वाक्य सगळ्यांत जास्त लागे, कारण त्यांना स्वतःलाही तेच वाटत होते.

एका सकाळी त्यांनी अर्णवच्या दंडावर इतक्या जोरात मारले की बोटे उमटली. वर्गशिक्षिकेने ते पाहिले आणि संध्याकाळी फोन केला. त्या रात्री वैशालीताई झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बालरोगतज्ज्ञांना गाठले आणि त्यांनी आमच्याकडे पाठवले.

तपासणीत अर्णवची श्रवणशक्ती, दृष्टी आणि वाढ ठीक होती. स्वमग्नता आणि अतिचंचलता या दोन्ही शक्यता विकासविषयक तपासणीतून बाजूला पडल्या. नजर, खेळ, गप्पा, मैत्री हे सगळे वयानुरूप होते. राहिले ते आवाज-स्पर्शाला तीव्र प्रतिसाद देणारे, नव्या गोष्टीत सावकाश रुळणारे, चटकन घाबरणारे मूल. वैशालीताईंनी भरलेल्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या नैराश्य प्रश्नावलीत २७ पैकी १५ गुण आले. १५ ते १९ हा मध्यम-तीव्र गट मानला जातो. जीव नकोसा होण्याच्या प्रश्नाला त्यांनी शून्य दिले होते. तरीही तो विषय वेगळ्याने विचारला आणि खात्री करून घेतली.

या घरात आनुवंशिकता आणि भोवताल कसे काम करत होते

‘साताऱ्याचं आहे’ या वाक्यात थोडे सत्य आहे आणि ते नाकारून चालत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तीव्र नैराश्याची आनुवंशिकता साधारण ३७ टक्के निघते. पण हा आकडा लोकसमूहातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी आहे. वैशालीताईंच्या नैराश्यातला ३७ टक्के भाग अप्पांकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही आणि कोणा एका व्यक्तीबद्दल तसे म्हणताही येत नाही. कुटुंबाला हा फरक समजावून सांगायला बराच वेळ दिला, कारण घरातल्या दोषारोपाचा सगळा पाया त्यावर उभा होता.

आई-वडील मुलाला जनुके देतात आणि घरही तेच देतात. चटकन दचकणाऱ्या आईकडून मुलाला दचकण्याचा कल मिळाला असेल, आणि दचकणारी आई जे घर चालवते ते घरही त्यालाच मिळते. या दोन वाटा कुटुंबाकडे नुसते पाहून वेगळ्या करता येत नाहीत. तिसरी वाट उलट दिशेने जाते : मुलाचा उपजत स्वभाव पालकाकडून विशिष्ट वागणूक ओढून घेतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दत्तक मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन किंवा समाजविघातक वर्तनाचा इतिहास होता, अशा मुलांना दत्तक पालकांकडून अधिक कठोर वागणूक मिळत असल्याचे दिसले. या पालकांचे मुलाशी रक्ताचे नाते नव्हते. मुलाचे वागणेच त्यांचा कठोरपणा जागा करत होते, आणि त्या कठोरपणाने मुलाचे वागणे आणखी बिघडत होते.

या घरात याचा पुरावा मृण्मयीच्या रूपाने समोर बसलेला होता. तीच आई, तेच घर, तोच कुकर. सख्ख्या भावंडांची जनुके सरासरीने निम्मी सारखी असतात, निम्मी वेगळी. मृण्मयी शांत, लवकर रुळणारी. तिला आईने कधी मारल्याचे तिला आठवत नव्हते. “तिच्याशी मी चांगली आई असते आणि त्याच्याशी वाईट,” असे वैशालीताई म्हणाल्या. या वाक्यावर आम्ही खूप वेळ थांबलो. आई म्हणून आपण मुळातच नालायक आहोत ही त्यांची समजूत या वाक्यानेच खोटी ठरत होती. मृण्मयीशी जे जमत होते ते अर्णवशी का जमत नाही, हा प्रश्न मग सोडवण्याजोगा झाला.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की मुलाचा स्वभाव एकट्याने पुढचे ठरवत नाही. तो स्वभाव आणि भोवतालच्या मागण्या यांची जुळणी कशी आहे, यावर बरेच अवलंबून असते. लालबागच्या चाळीत ही जुळणी होती. सावकाश रुळणाऱ्या मुलाला तिथे वेळ होता, जागा होती आणि आईखेरीज आणखी चार माणसे होती. भांडुपला आल्यावर अर्णवची जनुके बदलली नाहीत, जुळणी मोडली.

ताण शरीरात कसा चालतो, हे संदीप यांना समजून घ्यायचे होते. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते आणि शरीर तयारीत येते. पुरेसे कॉर्टिसॉल झाले की तेच मेंदूला थांबण्याची खूण करते. ही थांबण्याची खूण किती लवकर पोचते, यात माणसामाणसांत फरक असतो, आणि त्या फरकात बालपणाचा वाटा असू शकतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर केलेले काम यात महत्त्वाचे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात ज्या पिल्लांना आई अधिक चाटते-कुरवाळते, ती मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. २००४ साली त्यांनी दाखवले की अशा पिल्लांच्या मेंदूत कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाची खूण घेणाऱ्या जनुकावरची रासायनिक चिन्हे वेगळी असतात, आणि कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढवली तर त्यांची चिन्हे पालक आईच्या पिल्लांसारखी होतात. हे उंदरांचे आहे, आणि माणसाच्या घरावर ते जसेच्या तसे लावू नये. वैशालीताईंना तर ते ऐकताना लगेच वाटले की आपण अर्णवचे कायमचे नुकसान केले. म्हणून हेही सांगितले की त्याच गटाच्या इतर कामात, वाढीच्या वयात समृद्ध वातावरण मिळाल्यावर कमी कुरवाळलेल्या पिल्लांच्या वागण्यात बराच फरक पडला होता.

कोणते पर्याय होते आणि निर्णय कसे झाले

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. सहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर वळ उमटलेले होते. बालन्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७५ प्रमाणे मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने केलेली मारहाण हा गुन्हा होऊ शकतो, आणि बाल कल्याण समितीकडे जाण्याचा मार्ग आमच्यासमोर होता. तो न घेण्याची कारणे नोंदवून ठेवली : इजा एकदाच आणि वरवरची होती, आई स्वतःहून आली होती, घरात दोन इतर प्रौढ होते, मूल आईजवळ बसायला घाबरत नव्हते. त्याचबरोबर अटी स्पष्ट सांगितल्या. वर्गशिक्षिका अर्णवकडे लक्ष ठेवतील, पुन्हा इजा दिसली तर प्रकरण समितीकडे जाईल, आणि हे कुटुंबापासून लपवले जाणार नाही. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मृण्मयीला आणि आजींना दिला. आजींना तो आवडला नाही. मृण्मयीने वहीत लिहून घेतला.

दुसरा निर्णय केस कोणाच्या नावाने चालवायची हा. केस अर्णवच्या नावाने चालवली तर उपचार त्याच्यावर केंद्रित होतात आणि आई ‘मुलाला आणणारी’ राहते. वैशालीताईंना तेच हवे होते; आपल्या नावाचा कागद झाला तर आपण अप्पांसारखे ठरू, ही भीती होती. माझे मत आधीपासून ठाम होते की आईच्या नैराश्याला वेगळे आणि पहिले स्थान मिळाले पाहिजे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नैराश्यावर उपचार घेणाऱ्या ज्या माता तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या, आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांच्या वाढल्या होत्या. मुलांवर वेगळा उपचार या अभ्यासाचा भाग नव्हता. आनुवंशिक धोका घेऊन जन्मलेल्या मुलाच्या भोवतालातली सर्वांत मोठी बदलता येण्याजोगी गोष्ट त्याच्या आईची प्रकृती असते, हे यातून दिसते. दोन स्वतंत्र केस पेपर काढले. वैशालीताई मानसोपचारतज्ज्ञांना भेटल्या आणि त्यांनी औषध सुरू केले.

तिसरा निर्णय संदीप यांनी जवळजवळ घेऊनच टाकला होता. मुलाच्या लाळेचा नमुना पाठवला की त्याचा स्वभाव, ताण सोसण्याची क्षमता आणि ‘त्याला कसे वाढवावे’ याचा अहवाल मिळेल, अशी जाहिरात त्यांनी मोबाइलवर पाहिली होती आणि फॉर्म भरून ठेवला होता. त्यांचा हेतू भांडण मिटवण्याचा होता : “एकदा कागदावर आलं की कोणाचं काय ते कळेल.” मला वाटते, या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू होता, कारण तो कागद घरात आला असता तर कोणाकडून काय आले याचीच चर्चा पुढची अनेक वर्षे चालली असती.

त्यांना विरोध करण्याऐवजी अशा चाचण्यांमागचे संशोधन त्यांच्यासमोर मांडले. २००३ साली न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात जन्मापासून अभ्यासल्या जाणाऱ्या एका गटाच्या माहितीवरून एक निबंध प्रसिद्ध झाला. मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड प्रकार असलेल्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य येण्याची शक्यता अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. तो फार गाजला. जनुके आणि भोवताल एकत्र काम करतात याचे ते आदर्श उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे शिकवले गेले. पण २००९ साली अनेक अभ्यास एकत्र केल्यावर तो परिणाम सापडला नाही, आणि २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीवर अशा १८ गाजलेल्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा नैराश्याशी त्यांचा संबंध योगायोगापेक्षा अधिक निघाला नाही. एकेका जनुकावरून स्वभाव सांगण्याचा पाया त्यामुळे ढासळला. आता हजारो जनुकीय फरकांची बेरीज करून धोका मोजण्याच्या पद्धती आल्या आहेत, पण स्वभावाच्या बाबतीत त्या एका मुलाबद्दल फारच थोडे सांगू शकतात, आणि त्यांच्यामागची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने लालबागच्या मुलाला त्या तितक्याही लागू पडत नाहीत.

यानंतर फिनाइलकिटोन्यूरियाचे उदाहरण दिले. हा पूर्णपणे जनुकीय विकार आहे. शरीराला फिनाइलअ‍ॅलॅनिन हा प्रथिनांतला घटक पचवता येत नाही आणि उपचार न मिळाल्यास मेंदूचे गंभीर नुकसान होते. जन्मल्यावर लगेच ओळखून आहार बदलला तर मूल जवळजवळ सर्वसामान्य वाढते. कारण जनुकात, उपाय ताटात. संदीप बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी विचारले, “म्हणजे जनुक कळलं तरी करायचं ते इथेच, घरातच?” फॉर्म त्यांनी रद्द केला.

अर्णवला वर्षभर साताऱ्याला मामाकडे ठेवण्याचा पर्याय आजींनी सुचवला. नव्या जागेत सावकाश रुळणाऱ्या मुलाला तिसरे घर देणे योग्य नव्हते, आणि आपल्याला घालवून दिले असा अर्थ त्याने काढला असता. यावर फार चर्चा झाली नाही.

काय केले

सकाळ संदीप यांच्याकडे दिली. हा बदल सांगायला सोपा होता, घडवायला फार कठीण गेला. आजींच्या मते बाप मोजे चढवत बसतो हे शोभणारे नव्हते, आणि वैशालीताईंनाही स्वयंपाकघरातून प्रत्येक सूचना ओरडून देण्याची सवय होती. संदीप यांचा स्वभाव मंद गतीचा, वैशालीताईंच्या भाषेत ‘थंड’, आणि त्याच थंडपणावरून घरात वर्षानुवर्षे भांडणे झाली होती. अर्णवसाठी मात्र तो थंडपणा नेमका हवा होता. संदीप सहाला उठू लागले. कुकर रात्री लागू लागला. शर्टाची लेबले उसवून काढली, मोजे उलटे करून शिवण बाहेर राहील असे घालू लागले. रात्री कपडे खुर्चीवर क्रमाने मांडायचे काम अर्णवने स्वतःकडे घेतले.

वैशालीताईंना त्या वेळात घराबाहेर काढले. त्या थोड्या लवकरच्या लोकलने जाऊ लागल्या, ज्यात निदान उभे राहायला नीट जागा मिळे. मुलाला सोडून पळते आहे असे त्यांना वाटे, म्हणून संध्याकाळची वीस मिनिटे त्यांच्या आणि अर्णवच्या नावाने राखली. त्या वेळात शिकवणे नाही, दुरुस्त करणे नाही. खेळ तो ठरवणार आणि आई त्यात सामील होणार. पहिल्या आठवड्यात त्याने तांदळाचे ताट मागितले आणि दोघे खडे वेचत बसले.

आजींसोबत स्वतंत्रपणे घराण्याचा वंशवृक्ष काढला. सासर-माहेर दोन्ही बाजू. मुद्दाम आजाराबरोबर प्रत्येकाचा जमेचा स्वभावही लिहायला सांगितला. अप्पांच्या नावापुढे ‘मुले त्यांना आयुष्यभर भेटायला यायची’ असे वैशालीताईंनी लिहिले. आजोबांच्या नावापुढे आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की संप फसल्यावर ते दोन वर्षे खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून असत आणि फटाके वाजले की घरातून निघून जात. ‘आमच्याकडे कोणी असं नव्हतं’ हे वाक्य त्यानंतर ऐकू आले नाही. यामुळे ‘वारसा’ लालबागचा ठरला, असाही निष्कर्ष आम्ही काढू दिला नाही. गिरणी गेलेल्या माणसाचे पडून राहणे किती रक्ताचे आणि किती काळाचे, हे कोणी सांगू शकत नाही.

वर्गशिक्षिकेने केलेली मदत साधी होती : प्रार्थनेच्या रांगेत अर्णवला बँडपासून लांब उभे केले आणि दिवसाच्या कार्यक्रमात बदल असेल तर आदल्या दिवशी सांगितले.

परिणाम

ओकणे पहिल्या महिन्याभरातच थांबले. व्हॅन चुकण्याचे प्रमाण त्यामानाने सावकाश कमी झाले. वैशालीताईंचे पीएचक्यू-९चे गुण तीन महिन्यांनी ७ वर आले. १० च्या खाली येणे ही चांगली खूण मानतात. झोप सुधारली आणि बँकेतील चुका कमी झाल्या. दंडावरच्या त्या प्रसंगानंतर शाळेला पुन्हा वळ दिसले नाहीत.

जुलैमध्ये घसरण झाली. भाड्याची रक्कम पुन्हा थकली, घरमालकाने नोटिशीची भाषा सुरू केली, त्याच आठवड्यात पावसाने गाड्या बंद पडल्या आणि वैशालीताई रात्री उशिरा चालत घरी पोचल्या. दुसऱ्या सकाळी संदीप कामावर अडकलेले होते. अर्णवने पावसाळी बूट घालायला नकार दिला आणि वैशालीताईंनी हात उगारला. तो खाली आला नाही; त्या बाथरूममध्ये गेल्या, दार लावले आणि आजींना हाक मारली. आजींनी अर्णवला अनवाणीच कडेवर घेऊन व्हॅनपर्यंत नेले, बूट पिशवीत. आमच्या दृष्टीने ही घटना यश आणि इशारा दोन्ही होती : आईला स्वतःचा चढता ताण ओळखता येऊ लागला होता, आणि भोवताल पुन्हा बिघडला की जुना साचा लगेच डोके वर काढतो, हेही त्यातून दिसले. भाडे थकले तर काय करायचे, याचा हिशेब त्यानंतर दोघांनी बसून केला आणि चाळीच्या सोसायटीच्या बैठकांना संदीप जाऊ लागले.

अर्णव बदलला नाही आणि तसे उद्दिष्टही नव्हते. त्याला कुकरची शिट्टी आजही सहन होत नाही. गणपतीत लालबागला गेल्यावर ढोल-ताशा ऐकून तो काकांच्या खोलीत जाऊन बसला. फरक एवढाच की कोणी त्याला ओढून बाहेर आणले नाही. शिक्षिकेच्या मते वर्गात कोणी रडले की सर्वांत आधी त्यालाच कळते. संवेदनशील मुलांवर वाईट भोवतालाचा परिणाम जसा जास्त होतो तसा चांगल्याचाही होतो, असे जे बेल्स्की आणि इतर संशोधकांनी मांडले आहे, त्याच्याशी हे जुळते. एका मुलावरून ते सिद्ध होत नाही, पण कुटुंबाला त्यातून धीर मिळाला.

काय वेगळे करता येईल

अशा प्रकरणात वडिलांना पहिल्या भेटीपासून बोलवावे. आई मुलाला घेऊन येते म्हणून सगळे काम तिच्याशीच सुरू होते आणि नैराश्यात असलेल्या बाईवर आणखी गृहपाठ पडतो. संदीप नंतर आले आणि तरीही सर्वांत मोठा बदल त्यांच्यामुळे झाला. ते आधी आले असते तर वैशालीताईंचे काही कठीण आठवडे वाचले असते.

औषध आणि घरातील बदल एकदमच सुरू झाले, त्यामुळे कशाचा किती उपयोग झाला हे सांगता येत नाही. मारहाण झालेली असताना एकेक उपाय करून पाहण्याइतका वेळ घेणे मला योग्य वाटत नाही, आणि पुन्हा असे प्रकरण आले तरी सुरुवात दोन्हींनी एकत्रच करावी असे माझे मत आहे. प्रसूतीनंतर वैशालीताईंना कोणी प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली दिली असती तर हे सहा वर्षे आधी दिसले असते. ज्या घरात आजी-आजोबांच्या पिढीत नैराश्य आहे, तिथे प्रसूतितज्ज्ञांनी हे विचारायलाच हवे.

आणि मृण्मयी. सगळे तिला शहाणी म्हणत होते, म्हणून तिची वेगळी भेट फार उशिरा ठरली. ती आली तेव्हा कळले की रोज सकाळी ती स्वतःचा डबा स्वतः भरत होती, वेणी स्वतः घालत होती, आणि आईचा आवाज चढू लागला की काहीतरी मुद्दाम पाडत होती, म्हणजे आईचे लक्ष तिच्याकडे वळेल. १०९८ हा क्रमांक तिने त्या दिवशी इतक्या तत्परतेने का लिहून घेतला, तेही तेव्हा समजले. तिच्या नावाचा तिसरा केस पेपर आता काढला आहे आणि दर पंधरवड्याला ती वडिलांसोबत येते.